मागची सीट

एटीव्हीची, म्हणजे वाळूत फिरवायच्या चारचाकी मोटरसायकलची, सीट लांब असते, पण ती दोघांसाठी नसते, हे सुनिल दिवसातून वीसदा सांगायचा. नरपडच्या किनाऱ्यावर, सुरूच्या बनाला लागून असलेल्या एका रिसॉर्टच्या दोन गाड्या त्याच्या ताब्यात होत्या. "सीट लांब आहे ती अंग सरकवायला. उतारावरून आडवं जाताना अंग चढाच्या बाजूला टाका. हेल्मेट काढू नका. ही लाल दोरी मनगटाला बांधा, पडलात तर ती निसटते आणि इंजिन बंद होतं." पाहुणे हसायचे. वर्षभरापूर्वीपर्यंत सुनिलही हसायचा.

२०१८च्या फेब्रुवारीतल्या अमावास्येला, ऊन कलल्यावर, त्याची सासू बुधीबाई तलासरीकडच्या पाड्यावरून आली. हातात आंब्याची डहाळी होती. माणूस जिथं गेला तिथं वर्षाच्या आत पाला ठेवायचा, ही त्यांच्या घरची रीत. तिचा मुलगा मुकेश खाडीच्या तोंडाशी, वाळूच्या चढावर गेला होता.

"माझे गुडघे नाय चालत वाळूत," ती म्हणाली. "तू ठेवून ये."

सुनिलने डहाळी घेतली, पण तिच्या तोंडाकडे बघितलं नाही. आपण बाजारात गेलो होतो, मागे मुकेशने चावी चोरून गाडी काढली, असं त्याने मालकाला, पोलिसांना आणि हिलाही सांगितलं होतं. पाड्यावर मुकेश चोर ठरला. बुधीबाई तेव्हापासून कुणाच्या लग्नाला गेली नाही.

खरं असं होतं, की मेव्हणा भेटायला आला आणि सुनिलने हौसेने त्याला मागे बसवला. एकच हेल्मेट होतं, ते सुनिलच्या डोक्यावर. दोरी हँडललाच लोंबत होती. चढावर गाडी उलटली. सुनिल बाजूला फेकला गेला, आणि इंजिन चालूच राहिलेली गाडी मुकेशवर गेली.

पाणी खूप आत ओसरलं होतं. वाळत घातलेल्या बोंबलांचा वास मागे पडला, मग नुसता ओल्या वाळूचा वास उरला. सुनिलने मनगटाला बांधलेली दोरी दोनदा ओढून पाहिली. चढापाशी उतरून त्याने डहाळी ठेवली. तो घाईने गाडीवर बसला.

तेव्हा गाडीचा मागचा भाग हळूच खाली दबला.

कुणी बसलं की दबतो, तसाच. मागे बघायची हिंमत सुनिलला झाली नाही. अंधारत चाललं होतं, खाडीत भरतीचं पाणी शिरल्याचा आवाज येत होता, थांबायची सोय नव्हती. त्याने गाडी चढावर आडवी घातली आणि अंग वर टाकलं. मागचं वजन मात्र खालीच ओढत होतं. वरची दोन्ही चाकं उचलली गेली.

मुकेशला अंग कुठं टाकायचं ते कुणी शिकवलंच नव्हतं.

"मुकेश…" त्याच्या तोंडून निघालं. "वरच्या अंगाला… सरक."

वजन सरकलं. चाकं वाळूला टेकली.

सुरूच्या बनापाशी सुनिलने गाडी थांबवली. बुधीबाई तिथंच बसली होती. तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. समोरचं माणूसही तिला आवाजावरून कळायचं. तरी ती गाडीकडे तोंड करून उठली.

"तुझ्या डोक्यावर टोपी हाये," ती हळू म्हणाली. "त्याला का नाय दिली?"

सुनिल गाडीवरून उतरला नाही, घसरलाच; दोरी निसटली आणि इंजिन बंद पडलं. तिचे पाय धरून त्याने सगळं सांगितलं. चावी, हेल्मेट, दोरी, बाजाराची थाप. "त्यानं चोरी नाय केली, आये. मीच बसवला त्याला." हे बोलताना त्याला लहान मुलासारखं रडू फुटलं.

 बुधीबाई चाचपडत गाडीपाशी गेली. मागच्या सीटवर, वीतभर वर, हवेतच तिचा हात थांबला आणि तिथंच हलकेच फिरत राहिला, पाठीवरून फिरवतात तसा.

"मला सांगितलंस," ती म्हणाली. "पाड्याला कोण सांगंल?"

"मी सांगतो… उद्या सांगतो."

"मग उद्याच उतरंल तो."

सुनिलने गाडीकडे पाहिलं. तिच्यावर कुणीच बसलेलं नव्हतं. मागचे दोन्ही शॉकअब्सॉर्बर अजून दबलेलेच होते, आणि त्याच्या मनगटाला बांधलेल्या लाल दोरीचं सुटं टोक कुणीतरी मागच्या सीटवरून ओढावं तसं ताणलं गेलं होतं.