टाकीच्या आतून

खाजामियाँ उगाच काहीबाही सांगणारा माणूस नव्हता. लातूरच्या एमआयडीसीतला जुना फिटर. त्याच्यावर बेतलं ते त्यानं मला सांगितलं, तसंच तुम्हाला सांगतो.

पोरांनो, तुमच्या होस्टेलच्या जागी तेव्हा औषधांचा कारखाना होता. तो बंद पडला, जागा क्लासवाल्यांनी घेतली. आतली टायटॅनियमची टाकी धुऊन-पुसून ठेवायचं काम खाजामियाँकडे आलं. सन दोन हजार नऊ, एकोणतीस सप्टेंबरची रात्र.

मदतीला राखणदार वीरेश. टायटॅनियम महाग धातू, म्हणून खाजामियाँची नजर कामापेक्षा त्याच्यावरच जास्त. लोखंडी ब्रश लावू नको, कण रुततात आणि तिथं गंज धरतो, असं त्याला बजावलं. टाकी साबणाच्या पाण्यानं धुतली, साध्या पाण्यानं खळाळली, सुती फडक्यानं आतून कोरडी केली. झाकणाचे नट आवळले. बाहेरून प्लास्टिक गुंडाळायला घेतलं, तोच…

टक्. टक्.

आतून.

यानं आत माणूस दडवला, रात्रीतून पत्रा कापून नेणार, असं खाजामियाँच्या मनात आलं. त्यानं दरडावून विचारलं. नट सोडले, बॅटरी मारली. आत कोणी नव्हतं. कोरडी, लख्ख टाकी.

पुन्हा झाकण लावलं.

टक्… टक्…

वीरेश टाकीला टेकून बसला.

"चाचा, त्र्याण्णवच्या भूकंपात, आजच्याच रात्री, माझी बहीण अंजू घराखाली दबली होती. चार वर्षांची. आम्ही दगड उचलत होतो अन् ती आतून अशीच ठोकून राहिली होती."

"मंग?"

"मंग… थांबली."

नाटक करून राहिलाय, खाजामियाँला वाटलं. त्यानं धातूला कान लावला. गार. सगळं शांत…

त्याच्या कानाच्या अगदी पलीकडं, हळूच…

टक्.

तो मागं सरला नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नाही. तळवा टाकीवर टेकवून तो तसाच उभा राहिला. वीरेश रडत होता. कितीतरी वेळानं आवाज थांबला.

तरी खाजामियाँचा संशय जाईना. त्यानं वीरेशला बाहेर काढलं, दाराला स्वतःचं कुलूप घातलं, पाना खिशात ठेवला आणि दाराला पाठ लावून रात्र काढली.

सकाळी कुलूप जसंच्या तसं. नट जसेच्या तसे आवळलेले. त्यानं एकेक करून सोडले.

टाकीच्या तळाशी ओली पांढरी माती होती, जुन्या घरांच्या माळवदावर, मातीच्या छतावर, टाकतात तसली. तिच्यात पाच बोटं उमटली होती.

एवढीशी…