कोंडाबाईंना झोपवायचं नाही

गंगाखेडच्या दवाखान्यात, वॉर्डच्या दारातच मी त्याच्या हातातला चहा काढून घेतला.

"ऑपरेशनच्या पेशंटला पाणीसुद्धा द्यायचं नाही!"

"मॅडम, ह्यो माझा हाय..."

"मग बाहेर जाऊन प्या."

"भूल देणाऱ्या नीलम मॅडम तुमीच का?" तो हसला. "तरीच माझे हातपाय गार पडायलेत."

शिवशंकर. झरीच्या शाळेत मास्तर, घरी मेंढ्या. त्याच्या आईचं, कोंडाबाईंचं, खुब्याचं हाड मोडलं होतं. हृदय अशक्त. त्या माझा हात सोडेनात. "पोरी, मला झोपव. कापायलेलं ऐकू येऊ नये."

"झोपवा की, मॅडम."

"नाही. कमरेखाली बधिर करणाऱ्या इंजेक्शनने बीपी उतरतंच. वर गुंगीचं औषध दिलं, तर आणखी उतरेल, श्वासही मंदावेल. या हृदयाला ते पेलायचं नाही."

"मग भीतीचं काय?"

"ती तुमच्याकडे. टोपी-मास्क घाला अन् उशाशी बसा. त्या बोलत राहिल्या पाहिजेत."

ऑपरेशन थिएटरमध्ये हिरव्या पडद्यापलीकडे हाडाच्या डॉक्टरांचं काम सुरू झालं. अलीकडे शिवशंकर आईच्या कानाशी वाकला.

"आई, ह्या येळेला चांदीला जुळी झाली ना?"

"चांदीला कुठली! बाणीला झाली. मास्तर झालास अन् मेंढ्या इसरलास?"

तो मुद्दाम चुकत होता, त्या चिडून दुरुस्त करत होत्या. मास्कवरून त्याने माझ्याकडे पाहिलं — नुसते डोळे हसले. मी मॉनिटरकडे वळले. वळायलाच हवं होतं...

"अन् काळी? ती मामानं दिलेली."

उत्तर नाही.

"आई?"

मी नाडी धरली. बारीक, पळणारी. दंडावरचा पट्टा आवळला, आकडा आला — फार खाली. मी लगेच सलाईनमधून बीपी चढवणारं औषध दिलं. गुंगी दिली असती, तर ही शांतता मला झोपच वाटली असती.

"थांबू नका. बोला!"

त्याचा आवाज फाटला. "आई... मला ह्या मॅडम आवडल्यात. आता तरी बोल की!"

माझ्या बोटांखाली नाडी भरत आली. कोंडाबाईंचे ओठ हलले.

"मला काय इचारतूस? तिला इचार!"

पडद्यापलीकडे कुणीतरी खुदकन हसलं. माझे कान तापले. बरं झालं, टोपी होती.

संध्याकाळी कोंडाबाई वॉर्डभर ऐकू जाईल असं सांगत होत्या, "सगळं ऐकलं मी, पन भ्याले न्हाई!" मग दमून त्यांनी डोळे मिटले. शिवशंकर दोन कप चहा घेऊन आला.

"मघाचं ते... आईंना बोलतं करायलाच म्हणालात ना?"

"खोटं फक्त मेंढ्यांचं बोललो, मॅडम."

मी कप घेतला. या वेळी हळूच.

"साखर कमी आहे."

"मग... उद्या?"

"उद्या जास्त घाला. अन् मॅडम म्हणू नका."

कॉटवरून आवाज आला —

"मी जागीच हाय, बरं का!"