गाफच्या बनातली चिल्लर

ही घडलेली गोष्ट आहे. रचलेली नाही.

निनाद ती चारचौघांत सांगतो तेव्हा शेवटी सगळे हसतात. कारण शेवट तो बदलून सांगतो. जे झालं ते त्याने मला एकदाच सांगितलं, माझ्या बाल्कनीत, खालच्या रस्त्याकडे बघत. सांगून होईपर्यंत त्याने माझ्याकडे पाहिलं नाही.

दुबई. जानेवारीतला शनिवार. सकाळ झाली होती, पण धुकं इतकं दाट की उजाडल्याचा काही उपयोग नव्हता.

निनाद आणि त्याची बायको रुचा अल मनखूलला राहतात. दोघंही नोकरी करणारी. त्या हिवाळ्यात निनादला एक खूळ लागलं होतं. परदेशातली माणसं बागेत, रानात मेटल डिटेक्टर फिरवतात आणि मातीतून नाणी काढतात, असे व्हिडिओ तो तासन्‌तास बघायचा. आपणही घ्यायचा, असं त्याने ठरवलं. पण कुठला?

इद्रीस नावाचा एक पेशावरचा माणूस दोन वापरलेली मशीन विकत होता. तो शुक्रवारी संध्याकाळी दोन्ही घेऊन बिल्डिंगखाली आला.

"सर, पार्किंग में क्या समझेगा? दोनों ले जाओ. मिट्टी पे चलाओ. जो जमे वो रखो."

पिवळं मशीन साधं होतं. धातू दिसला की ओरडायचं, मग तो खिळा असो की सोनं. राखाडी मशीन हुशार. लोखंडाला घोगरा आवाज, नाण्याला बारीक आणि उंच.

"लेकिन पास-पास मत चलाना," इद्रीस म्हणाला. "एक-दूसरे पे चिल्लाते हैं."

"आमच्यासारखंच," रुचा हसत म्हणाली.

शहराबाहेरच्या एका पार्कमागे गाफच्या झाडांचं बन आहे. काटेरी झाडं, वाळूपर्यंत वाकलेल्या फांद्या. खोदायचं नाही, फक्त आवाज ऐकायचा, असं दोघांनी ठरवलं होतं. शनिवारी तिथे गाडी लावली तेव्हा पार्किंगमध्ये दुसरी एकही गाडी नव्हती.

पिवळं रुचाकडे, राखाडी निनादकडे.

पिवळ्याने डोकं उठवलं. बाटलीची बुचं, कॅनची झाकणं, तंबूचा खिळा... सगळ्याला एकच आवाज. निनादच्या मशीनने मात्र थोड्याच वेळात एक दिरहम दाखवला. त्याने बुटाने वाळू सरकवली, आणि खरंच नाणं!

"चोवीस रुपये!" रुचा ओरडली. "चला, श्रीमंत झालो."

"हेच घेऊ या," निनाद म्हणाला. "डन. खलास."

आणि मग झाडांवर मघापासून घुमणारे होले पक्षी थांबले.

एकदम. सगळे एकाच वेळी.

निनादच्या मशीनवर परत आवाज आला. बारीक, उंच. नाण्याचा.

त्याने वाळू सरकवली. काही नाही. हाताने थोडी उकरली. काही नाही. परत मशीन फिरवलं तर आवाज आता तिथे नव्हताच. हातभर उजवीकडे होता.

तिथे उकरलं. काही नाही.

आवाज अजून उजवीकडे...

"रुचा, तुझं मशीन बंद कर! इंटरफिअर होतंय."

"मी किती लांब आहे!" धुक्यातून तिचा आवाज आला. "बरं, केलं बंद."

पिवळं मशीन गप्प झालं.

राखाडी वाजतच राहिलं.

निनाद चार पावलं पुढे गेला. मशीन शांत झालं. त्याने श्वास सोडला.

मग त्याच्या उजव्या हाताला पुन्हा तोच आवाज आला... हळूहळू वाढत. कोणी जवळ यावं तसा.

डिटेक्टरचं डोकं जमिनीवरून उचललं की ते गप्प होतं. हवेत धातू नसतो. निनादने मशीन उचललं, कमरेएवढं वर.

आवाज दुप्पट झाला.

डावीकडे फिरवलं. शांत. मागे फिरवलं. शांत. उजवीकडे, कमरेच्या उंचीवर, रिकाम्या हवेत... मशीन किंचाळलं.

तिथे कोणी नव्हतं. धुकं होतं आणि एक फांदी होती.

आणि मग त्याला दुसरा आवाज ऐकू आला. मशीनचा नव्हे.

चिल्लर.

खिशात हात घालून कोणी नाणी खुळखुळवावीत, तसा. कोणाची तरी वाट बघत उभा असलेला माणूस खुळखुळवतो, तसा.

निनादने मशीन टाकलं आणि तो पळाला.

इथपर्यंत तो सगळ्यांना खरं सांगतो. पुढे म्हणतो, "मी गाडी आणायला धावलो."

वाटेत रुचा होती. एका झाडाखाली वाळूत बसली होती. चपलेतून काटा आरपार गेला होता, ती तो काढत होती. तिने मान वर केली.

"निनाद? काय झालं रे? थांब ना, मला हात दे..."

त्याने ऐकलं. सगळं स्पष्ट ऐकलं. तिने पुढे केलेला हातही त्याला दिसला.

तो तिला ओलांडून गेला.

गाडीत बसला. दार लावलं. आणि चारही दारं लॉक केली.

किती वेळ गेला ते त्याला सांगता येत नाही. काच धुक्याने पांढरी झाली होती. मग पलीकडच्या दाराचं हँडल हललं.

एकदा. परत एकदा.

"निनाद, उघड. मी आहे."

आवाज रुचाचाच होता. तरी त्याचा हात उठेना. तिने तळव्याने काच पुसली आणि आत पाहिलं. तिचा चेहरा त्याला दिसला. त्याचा चेहरा तिला दिसला. तरीही त्याने दार उघडलं नाही.

तिने हाक मारली नाही, काच ठोठावली नाही. नुसती उभी राहिली, लहान मूल रडून शांत होईपर्यंत थांबावं तशी. शेवटी त्याने लॉक काढलं. तिने दोन्ही मशीन, त्याने टाकलेलंसुद्धा, डिकीत ठेवली आणि लंगडत येऊन शेजारी बसली.

"चल," म्हणाली.

हायवेला लागल्यावर त्याने विचारलं, "तू... एकटीच आलीस?"

"नाही. कोणीतरी पार्किंगपर्यंत सोडायला आलं."

"कोण?"

"दिसलं नाही." ती बाहेर बघत होती. "मी बसले होते तेव्हा शेजारी उभं होतं. मी उठले तशी समोरची फांदी आपोआप बाजूला झाली. पुढच्या झाडाचीही. मी हळू चालत होते, तर तेही हळू चालत होतं. खिशात चिल्लर वाजत होती, तेवढंच."

"तुला भीती नाही वाटली?"

रुचाने चप्पल काढून दुखरा पाय चोळला.

"तू धावत गेलास तेव्हा वाटली," ती म्हणाली.

पुन्हा त्या विषयावर ती कधीच बोलली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं, असं निनाद म्हणतो. जेएलटीला राहणाऱ्या मित्रांकडे तो "गाडी आणायला धावलो" सांगतो, तेव्हा ती सगळ्यांच्या ताटात वाढत असते. हसतही नाही, खोडतही नाही.

रविवारी इद्रीस आला. निनादने दोन्ही मशीन परत करायला काढली. हवेत आवाज येतो, असं त्याने चाचरत सांगितलं.

"हवा में?" इद्रीस बघतच राहिला. "सर, हवा में तो कुछ होता ही नहीं."

"ग्रे वाला मैं रख रही हूँ," रुचा आतून म्हणाली.

निनादने का म्हणून विचारलं नाही. कुठल्या तोंडाने विचारणार?

आता मोबाइलवर धुक्याचा इशारा आला की रुचा दुसऱ्या दिवशी लवकर उठते. तो झोपेचं सोंग घेतो. दार लागलेलं ऐकतो. ती परत येते तेव्हा बुटांत वाळू असते, हातात काही नसतं.

मागच्या महिन्यात मात्र तो उठून हॉलमध्ये बसला.

"एकटी जात जाऊ नकोस," तो म्हणाला.

"एकटी कुठे असते?" ती लेस बांधत होती.

"मग मी येतो."

तिने वर पाहिलं. नजरेत राग नव्हता.

"नको रे. तू घाबरतोस."

तो खिडकीशी गेला. दुसराच मजला, त्यामुळे धुक्यातूनही गाडी दिसत होती. रुचाने डिकी उघडून मशीन ठेवलं. डिकी लावली. मग ती गाडीच्या पलीकडच्या बाजूला गेली आणि तिथलं दार उघडलं.

दार धरून थोडा वेळ उभी राहिली.

मग ते हलकेच लावलं, वळसा घालून आली आणि ड्रायव्हिंग सीटवर बसली.

ती काय करत होती, हे त्याने अजून तिला विचारलेलं नाही.