सतरा नंबरच्या अंगणातला कंटेनर

अर्ज मी भरला तो मार्चच्या तेवीस तारखेला, शनिवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर कॉफी पीत. तारीख मुद्दाम सांगते. मी सत्तावीस वर्षं शाळेची बस चालवली आहे, तारखा आणि वेळा माझ्या डोक्यात पक्क्या बसतात आणि उगाच काहीबाही दिसायची मला सवय नाही.

टूसॉनच्या बाहेर, वाळवंटाच्या कडेला आमची वसाहत. एकशे बारा घरं, आणि त्या सगळ्यांच्या डोक्यावर घरमालक संघाची कमिटी. दाराला कुठला रंग लावायचा, नाताळचे दिवे कधी उतरवायचे, कचऱ्याचा डबा किती वाजता रस्त्यावर ठेवायचा आणि किती वाजता आत घ्यायचा, सगळं कमिटी सांगणार. घरातलं मोडकंतोडकं टाकायला भाड्याने मोठा लोखंडी कंटेनर आणायचा, तर त्यालाही मंजुरी हवी. लांबी, रुंदी, रंग, अंगणात नेमका कुठे ठेवणार त्याचा नकाशा, सिमेंट खरचटू नये म्हणून खाली फळ्या घालणार का, शेजाऱ्याची सही. मी सगळं भरलं. नकाशा तर पट्टीने काढला.

हौस म्हणून नव्हे. फेब्रुवारीत माझ्या नवऱ्याला, ओरिनला, झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणंही जवळजवळ गेलं. दिवसाला पाच-सहा शब्द, तेही एकेक करून. त्याला ठेवलं होतं त्या पुनर्वसन केंद्रातली थेरपिस्ट इव्हेट आमचं घर बघायला आली. पोरगी तोंडावर बोलणारी.

"गालिचे उपटा, बाथटब काढा, हा खोल्यांमधला बोळ मोकळा करा. अठरा एप्रिलपर्यंत झालं तर त्यांना घरी सोडू. नाही झालं तर शुश्रूषागृहात एक खाट रिकामी आहे. आणि खरं सांगू का मिसेस केसलर, तिथून फारसं कुणी परत येत नाही."

"घरीच येईल तो," मी म्हटलं. चाळीस वर्षांचा संसार असा खाटेच्या हवाली करायला मी काही बसले नव्हते.

सहा दिवसांनी कमिटीचं उत्तर आलं. नामंजूर. "एका घराला एका वेळी एकच कंटेनर ठेवता येतो. आपल्या अंगणात एक आधीच उभा आहे. तो जाईपर्यंत दुसऱ्याचा विचार करता येणार नाही." खाली अध्यक्षबाईंची, कॉन्स्टन्स हेल्म यांची, वळणदार सही. सोबत फोटो.

फोटो माझ्याच घराचा होता. सतरा नंबर, स्वयंपाकघराच्या खिडकीत माझी जुनी ड्रायव्हरची टोपी, पायरीवर मी आदल्याच आठवड्यात आणलेली जिरेनियमची कुंडी. आणि अंगणात, गॅरेजच्या दारापुढे, हिरवा, गंजलेला, छातीपेक्षा उंच लोखंडी कंटेनर.

मी दार उघडून बाहेर पाहिलं. अंगण रिकामं होतं. कुणीतरी कॉम्प्युटरवर उद्योग केलाय असं समजून मी फोन लावला.

"बाई, माझ्या अंगणात काहीही नाही."

"आम्ही रोज पाहतो, मिसेस केसलर." कॉन्स्टन्सचा आवाज वाचनालयातल्या बाईसारखा, कधी चढत नाही. "तक्रार नाहीये. फक्त एक गेल्याशिवाय दुसरा नाही."

"मग या आणि हात लावून दाखवा."

"आम्ही दुसऱ्याच्या मालमत्तेला हात लावत नाही," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी चिडले, घाबरले नाही. घाबरायला सवड कुणाला होती?

एप्रिल लागला तसा पालो वेर्देच्या झाडांचा पिवळा बहर झडायला लागला. दरवर्षी सगळं अंगण पिवळंधमक होतं. त्या मंगळवारी सकाळी मी झाडू घेऊन बाहेर गेले आणि तशीच उभी राहिले. फुलं सगळीकडे होती, पण गॅरेजसमोर एक लांबट चौकोन स्वच्छ होता. कडा सरळ. मी मोजपट्टी आणली. बावीस फूट बाय आठ. वाऱ्याने झालं असेल म्हणून मी दोन मुठी फुलं त्या चौकोनात टाकली. ती जमिनीवर पडली नाहीत. माझ्या हातातून सुटली एवढंच मी पाहिलं.

मी झाडू भिंतीला लावून ठेवला आणि आत जाऊन हात धुतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून शेजारचा वेंडेल दिसला. वेंडेल ट्रॉट, टपाल खात्यातून निवृत्त झालेला, गरीब माणूस. हातात टेबलावरच्या दिव्याची जुनी कापडी टोपी. इकडेतिकडे बघत तो माझ्या अंगणात आला, हात डोक्याच्या वर नेऊन टोपी सोडली आणि वळला. आता आमच्याकडे हे चालतंच. कुणी कंटेनर आणला की शेजारीपाजारी हळूच आपला कचरा त्यात ढकलतात. पण टोपी खाली पडल्याचा आवाज आला नाही, आणि मी धावत बाहेर गेले तेव्हा अंगणात काही नव्हतं.

"वेंडेल, काय टाकलंस?"

तो ओशाळला. "विचारायला हवं होतं गं, मर्ना. एकच टोपी होती. सगळेच टाकतात, म्हणून मीही."

"कुठे टाकलीस?"

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू झटका ओरिनला नाही, मला आलाय. "ह्यात," तो म्हणाला आणि हवेत थाप मारली. ठणकन आवाज झाला.

मीही तिथेच हात फिरवला. माझ्या हाताला वाराच लागला.

त्या दिवशी मी खूप वेळ स्वयंपाकघरात बसून राहिले. मग उठले. म्हटलं, तुमचा कंटेनर तुम्हालाच लखलाभ. ओरिनचा पिकअप ट्रक होता, मला दोन हात होते. परवानगी कंटेनरला लागते, स्वतःचा कचरा स्वतःच्या गाडीतून न्यायला लागत नाही. नियमावली मी तीनदा वाचली. गालिचे सुरीने कापून गुंडाळले. बाथटब घणाने फोडला. बोळातल्या खोक्यांमध्ये वीस वर्षांची मासिकं होती, ती नेली. कचरा डेपोवर चौदा फेऱ्या झाल्या. गाडी मी रस्त्यावर लावायची, अंगणात नाही. पाठ मोडली, पण सोळा तारखेला इव्हेटने चाकाची खुर्ची ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवून पाहिली आणि कागदावर सही केली.

"एकटीने केलंत?"

"कमिटीच्या नाकावर टिच्चून," मी म्हटलं. ती हसली. मला रडू आलं, ते मी तिच्यासमोरच रडून घेतलं.

जाताना मात्र ती अंगणातून सरळ गेली नाही. कुंपणाला घासत, आडवी होऊन गेली.

सतरा तारखेला पाकीट आलं. मंजूर. "आपल्या अंगणातील कंटेनरला तात्पुरती मंजुरी देण्यात येत आहे. गुरुवार, १८ एप्रिल, सकाळी दहा वाजता तो उचलला जाईल. भरल्यावर मागचं दार बंद असणं बंधनकारक. उचलेपर्यंत अर्जदार कधीही आपला अर्ज लेखी मागे घेऊ शकतो." ह्या वेळी फोटो नव्हता. मी कागदाची घडी घालून ॲप्रनच्या खिशात ठेवली. कुठल्याही कमिटीचा कागद मी फेकत नाही, पुढे भांडायला लागतो.

गुरुवारी साडेनऊला केंद्राची व्हॅन आली. ड्रायव्हरने ओरिनला रस्त्यावरच उतरवलं. "आत जागा नाहीये ना, मॅडम." पलीकडे पदपथावर कॉन्स्टन्स हेल्म उभी होती, फिकट निळं जॅकेट, हातात कागद अडकवलेली पाटी. रस्त्यापलीकडच्या दोन-तीन घरांतली माणसंही दाराशी आली होती.

मग माझी सटकली. ओरिन घरी आला होता. माझ्या नवऱ्याला त्याच्याच अंगणातून कडेकडेने, चोरासारखं न्यायचं? मी खुर्ची सरळ ढकलली, त्या चौकोनाच्या अगदी मधोमध नेली आणि ब्रेक लावला. मग बाहेर येऊन त्यांच्याकडे तोंड केलं.

"घ्या. काढा फोटो. कुठे आहे कंटेनर?"

कॉन्स्टन्स अंगणात आली. तिने दोन्ही हातांनी हवेत काहीतरी ओढलं, जड, आणि खांद्याने रेटलं.

कडी पडल्याचा आवाज मी स्वतः ऐकला.

"दार बंद असणं बंधनकारक आहे," ती म्हणाली.

मी ओरिनकडे वळले. ऊन कडक होतं, वर झाड नाही, ढग नाही. त्याच्या चेहऱ्यावर, मांडीवर, चाकांवर सावली होती. तो माझ्यापासून चार पावलांवर बसला होता आणि मला शोधत होता.

"मर्ना." आवाज विहिरीतून यावा तसा आला.

"इथेच आहे मी. समोर आहे."

"दिसत नाहीस. भिंती."

मी धावले. कपाळ कशावर तरी आपटलं. हात लावला तर लोखंड होतं, तापलेलं, पापुद्रे सुटलेलं. इतके दिवस नव्हतं, आता होतं. कडी शोधायला मी हात फिरवला, नखं मोडली, कडी सापडली नाही.

"उघड," मी कॉन्स्टन्सला म्हटलं.

"मंजुरीच्या अटी आहेत, मिसेस केसलर."

कोपऱ्यावरून रिव्हर्स घेत येणाऱ्या ट्रकचा टीं टीं आवाज यायला लागला.

तिच्या झिंज्या धराव्यात असं मनात आलं. पण मी बसमध्ये साठ पोरं सांभाळलेली बाई. आरडाओरडा कधी करायचा आणि कधी नाही, ते कळतं मला. मी खिशातून कागद काढला. तिच्याच पाटीवरचं पेन ओढून घेतलं.

कागद लोखंडावर टेकवून लिहिलं. अर्ज मागे घेत आहे. मर्ना केसलर, घर नंबर सतरा. वेळ नऊ बावन्न.

"लेखी," मी म्हटलं. "उचलण्याआधी. तुमचाच नियम आहे."

तिने कागद वाचला. घड्याळ पाहिलं. सही पाहिली.

ट्रक अंगणाच्या तोंडाशी आला.

"बरोबर आहे," ती म्हणाली, आणि कडी उचलली.

मी आत गेले. आत गेले म्हणजे काय ते मला सांगता येणार नाही. थंड होतं आणि पायाखाली सिमेंट नव्हतं. ब्रेक सोडला, खुर्ची मागे कलती केली आणि जीव खाऊन ओढली. मागून खुर्चीला कुणीतरी हात लावत होतं. ढकलत होतं की धरून ठेवत होतं, ते मी पाहिलं नाही.

आम्ही उन्हात आलो. मी थेट पायरीपर्यंत थांबले नाही.

"तुमचं नाव कमी केलं," कॉन्स्टन्स पाटीवर लिहीत म्हणाली. "पण कंटेनर जाईल. तो काही एकट्या तुमचा नव्हता."

ट्रकवाल्याने साखळ्या सोडल्या. त्या हवेत ताठ झाल्या. ट्रकचा मागचा भाग वजनाने खाली बसला. पाच मिनिटांत तो वळून निघूनही गेला, आणि पालो वेर्देची फुलं अंगणभर सारखी पडायला लागली. कॉन्स्टन्सने मला मान लववून नमस्कार केला. मी केला नाही.

ओरिनला घरात आणलं. बोळातून खुर्ची कुठेही न अडता आली. त्याच्या तळहातांना गंज लागला होता, तो मी ओल्या कपड्याने पुसत बसले. त्याने माझं मनगट धरलं आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा सलग बोलला.

"आत चौघं होती, मर्ना. सरकून जागा दिली त्यांनी मला."

मी कपडा खाली ठेवला. कॉन्स्टन्सचं पेन अजून माझ्याकडेच होतं.

"नावं विचारलीस त्यांची?"

त्याने मानेनेच हो म्हटलं.

"सांग. सावकाश सांग. अर्ज मागे घ्यायला नावं लागतात."

दोन नावं त्याने सांगितली, ती मी लिहून घेतली. उरलेली दोघं, म्हणाला, अजून बोलायच्या वयाची नव्हती.