पंच्याण्णव सेकंद

त्या दोघांची गाठ गेमनंच घालून दिली, आणि तीही नेमकी त्या बुधवारी, जेव्हा सिग्नेनं ठरवलं होतं की आज शेवटचं खेळायचं आणि मग हा गेम काढूनच टाकायचा.

गेम दोघांचा होता. बर्फाळ समुद्र, एक जुनं जहाज. एकानं सुकाणू धरायचं, दुसऱ्यानं बाकी सगळं बघायचं. साथीदार कोण मिळणार ते गेम ठरवायचा; आवडला तर पुढच्या वेळी त्यालाच बोलावता यायचं. फक्त एक अट होती – दोघांच्याही कॉम्प्युटरवर गेम पूर्ण लोड झाल्याशिवाय जहाज धक्क्यावरून हलायचं नाही. आणि सिग्नेचं घोडं तिथंच अडायचं. तिच्या कॉम्प्युटरमध्ये भावानं टाकून दिलेली जुनी हार्ड डिस्क होती, आत तबकडी फिरणारी, घरघर करणारी. तिला पंच्याण्णव सेकंद लागायचे. तोवर समोरच्याच्या स्क्रीनवर एकच ओळ दिसत राही – ‘साथीदाराची वाट पाहत आहोत’ – आणि खाली सिग्नेचं नाव.

लोक वीस सेकंद थांबत, फार तर तीस. मग न बोलता निघून जात. त्या आठवड्यात अकरा जण गेले होते. तिनं मोजले होते, कारण ती असलं सगळं मोजणाऱ्यांतली होती. उमेओ शहरातल्या एका दातांच्या दवाखान्यात ती मदतनीस होती आणि तिच्या खुर्चीवरच्या पेशंटला कधी दोन मिनिटंही ताटकळावं लागलं नव्हतं. लोकांना आपल्यासाठी खोळंबवून ठेवू नये, हे आईनं तिला बोलायला शिकवायच्याही आधी शिकवलं असावं.

बारावा मात्र गेला नाही.

“सॉरी,” ती हेडफोनमध्ये पुटपुटली. “माझं मशीन जुनं आहे. तू गेलास तरी चालेल.”

“जाऊ कुठं?” एक शांत, जरासा झोपाळलेला आवाज कानात आला. “घाई नाही. मी बेटाच्या फेरीबोटीवर काम करतो. शेवटची गाडी चढेपर्यंत थांबायचाच पगार मिळतो मला.”

“आणि शेवटची गाडी आलीच नाही तर?”

“येते. ड्रायव्हर मान खाली घालून येतो... तुझ्यासारखं सॉरी म्हणत.”

ती हसली. हसू ऐकू गेलं असेल का, या विचारानं कान तापले तिचे.

त्याचं नाव आर्विद. दुसऱ्या दिवशी सात वाजता तोच आला, तिसऱ्या दिवशीही. त्याचं मशीन पाच सेकंदांत तयार व्हायचं आणि उरलेले नव्वद सेकंद तो तिच्याशी बोलत बसायचा. दर गुरुवारी मांजराला टोपलीत घालून शहरात नेणाऱ्या आजीबाईंबद्दल बोलायचा. समुद्र गोठला की बोटीखाली बर्फ कसा कुरकुरतो, ते सांगायचा. तीही सांगायची – तोंडात नळी असताना गप्पा मारणाऱ्या पेशंटबद्दल.

“तू माझे दात बघशील कधी?”

“आवाजावरून कळतं. डावीकडे वर एक किडलाय.”

“खोटारडी.”

“खाली असेल मग.”

रोजचे नव्वद सेकंद, बस. पण सिग्नेचा सगळा दिवस त्या नव्वद सेकंदांकडे कलू लागला. आणि जसजसा तो कलू लागला तसतशी तिच्या मनात एक भीती घर करून बसली – हाही त्या अकरा जणांसारखा कधी निघून जाईल? थांबून थांबून माणूस किती थांबेल?

फेब्रुवारीत ते झालंच. गेम लोड होतानाची पट्टी ऐंशी टक्क्यांवर आली असताना आर्विद बोलता बोलता गप्प झाला. मग म्हणाला, “सिग्ने...”

“हं?”

एक मोठा उसासा. “काही नाही. आज... जरा जास्तच वेळ लागतोय, नाही?”

“सॉरी,” ती घाईघाईनं म्हणाली. “खरंच सॉरी. मी काहीतरी करते त्याचं.”

त्या रात्री तिचा डोळ्याला डोळा लागला नाही.

शनिवारी दवाखान्यामागच्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती दार उघडताच हजर होती. दुकानदार रेझान पन्नाशीचा, चष्मा कपाळावर चढवून शोधत फिरणारा.

“सगळ्यात वेगवान डिस्क द्या. गेमसाठी.”

“सगळ्यात वेगवान कशाला? आता कुठली आहे?”

तिनं सांगितलं. रेझाननं चष्मा नाकावर आणला आणि तिच्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “तबकडीवाली? अगं, तिच्या जागी साधी एसएसडी, न फिरणारी, टाकलीस तरी तुला स्वर्ग दिसेल.”

“मला साधी नको. ती तिथली, महागातली...”

“ती घेऊ नकोस.” तो काउंटरवर रेलला. “नव्वद सेकंदांचे नऊ झाले तर माणसाला कळतं. नवाचे सात झाले तर फक्त घड्याळाला कळतं. त्या दोन सेकंदांसाठी दुप्पट पैसे? मोठमोठ्या फिल्म एडिट करणारे लोक घेतात त्या. तुझ्या मदरबोर्डला तर तिचा वेग झेपणारही नाही.”

“पण दोन सेकंद म्हणजे दोन सेकंद. कुणीतरी थांबलेलं असतं.”

“जो नऊ सेकंद थांबत नाही,” रेझान म्हणाला, “त्याच्यासाठी सातच्या फंदात पडू नये.”

तो हसत म्हणाला, पण तिच्या मनाला ते लागलं. शेवटी तिनं साधीच घेतली. त्यानं तासाभरात बसवून दिली. जुनी डिस्कही आतच राहू दिली – फोटो-बिटो असतील म्हणाला – आणि तीस दिवसांत परत करता येईल म्हणून पावती जपून ठेवायला सांगितली.

सात वाजता गेम नऊ सेकंदांत उघडला. सिग्ने विजयी वीरासारखी ताठ बसली होती.

“अरे... आलीस पण?” आर्विद म्हणाला.

“नवी डिस्क. आता नाही थांबावं लागणार तुला.”

“अच्छा.” मग जरा वेळानं, “छान झालं.”

जहाज सुटलं. लाटा, वारा, बर्फाचे सुळके; बोलायला उसंतच नव्हती. डावीकडे घे, शीड उतरव, दोर सोड – एवढंच. आजीबाईंच्या मांजराचं काय झालं, हे विचारायचं राहून गेलं. दुसऱ्या दिवशीही राहिलं. खेळ संपला की तो “चल, शुभ रात्री” म्हणायचा आणि जायचा. सिग्नेच्या जिभेवर शब्द येईपर्यंत त्याचं नाव विझलेलं असायचं.

आठवडा गेला. मग दहा दिवस. शुक्रवारी तो म्हणाला, “उद्या मला जमेलसं वाटत नाही.” का, ते सांगितलं नाही. ती बराच वेळ काळ्या स्क्रीनसमोर बसून राहिली. म्हणजे तो तिच्यासाठी थांबत नव्हताच. गेम थांबवायचा म्हणून थांबायचा. वेळ घालवायला बोलायचा. ती तेवढ्यावर भुलली... आणि आता वेळच घालवायचा उरला नाही.

दुसऱ्या दिवशी तिनं कॉम्प्युटरचा डबा उचलून रेझानच्या काउंटरवर ठेवला. पावतीही ठेवली.

“बिघडली?”

“नाही. फार चांगली चालते.”

“मग?”

“म्हणूनच परत करायचीय.”

रेझान चष्मा वर-खाली करत तिच्याकडे बघत राहिला. त्याच्या दुकानात लोक डिस्क मंद आहे म्हणून भांडायला येत. वेगवान आहे म्हणून रडवेली झालेली ही पहिलीच. त्यानं स्टूल पुढं सरकवलं, कॉफी ओतली, आणि सिग्नेनं, जिनं आयुष्यात कधी दुकानदाराचा वेळ खाल्ला नव्हता, अडखळत सगळं सांगून टाकलं. मागं रांगेतले दोघं नंबराचे कागद धरून मुकाट ऐकत उभे होते.

“त्याला विचारलंस का?” रेझान म्हणाला.

“काय विचारू? आणि कधी? वेळच नसतो आता.”

“वेळ हवा असेल तर जुनी डिस्क आत आहेच. गेम तिच्यावर परत टाक. अर्ध्या दुपारचं काम.” त्यानं पावती तिच्याकडे परत सरकवली. “ही अजून सोळा दिवस चालेल. त्याला आधी विचार.”

रविवारी संध्याकाळी सात. पट्टी पूर्वीसारखी गोगलगाईच्या चालीनं निघाली, आणि डिस्क घरघरू लागली.

आठ टक्के.

“सिग्ने? काय झालं, नवी डिस्क गेली का?”

“नाही. मीच गेम जुन्या डिस्कवर टाकला. मुद्दाम.”

वीस टक्के. आता थांबलं तर पुन्हा जमणार नाही, हे तिला कळत होतं.

“त्या दिवशी तू उसासा सोडलास. मला वाटलं, कंटाळलास. म्हणून मी... पण त्या नव्वद सेकंदांत तू बोलायचास, आर्विद, आणि आता बोलत नाहीस. मला ते बोलणं परत हवंय. गेम नसला तरी चालेल.” तिनं पट्टीकडे पाहिलं. “झालं. आता जायचं तर जा. पस्तीस टक्केच झालेत.”

तिनं डोळे मिटले. शेवटी बारावाही जातोच, असं तिला वाटून गेलं.

“मला वाटलं, तूच कंटाळलीस,” आर्विद हळूच म्हणाला. “माझ्या बडबडीला. बाई गं, तू पैसे मोजून ती बंद केलीस. मी काय समजायचं?”

तिनं डोळे उघडले. पन्नास टक्के.

“मग तो उसासा?”

“मी तुला कॉफीला बोलावणार होतो. हिंमत करायला ऐंशी टक्क्यांपर्यंत गेलो. ऐन वेळी तोंडातून भलतंच निघालं... आणि तू माफी मागायला लागलीस.”

“आणि काल?”

“काल धक्क्यावर बसून होतो. तुझे ते नऊ सेकंद सहन होत नव्हते.”

ती हसली, आणि या वेळी ते त्याला ऐकू जावं असंच हसली. सत्तर टक्के.

“ऐंशी व्हायच्या आत विचार मग,” ती म्हणाली.

शनिवारी दुपारी दोन वाजता, नदीकाठच्या बेकरीत. मलई भरलेला सेम्ला पाव खायचा, असं ठरलं. सिग्ने एक पस्तीसलाच पोचली. आता ठरल्या वेळेआधी दारात जाऊन उभं राहणं म्हणजे समोरच्याची पंचाईत. अशा वेळी गुपचूप घराला चक्कर मारायची, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं. ही बेकरी होती, कुणाचं घर नव्हतं, पण वळण ते वळण. ती चौकोनी इमारतीभोवती फिरू लागली.

पागोळ्या गळत होत्या, बुटांखाली खडी करकरत होती. पुढच्या कोपऱ्यावर एक पिवळं जाकीट वळून दिसेनासं झालं. दुसऱ्या फेरीतही तेच – पिवळी पाठ, आणि मग नुसता कोपरा. पालिकेचा बर्फ काढणारा असेल. तिच्या डोक्यात वेगळाच गोंधळ चालला होता. आवाज सुंदर असतो, माणूस नसतो. ती त्याला आवडली नाही तर? आजनंतर गेमही उरला नाही तर? एक सत्तेचाळीसला तिचे पाय घराच्या रस्त्याकडे वळू पाहत होते.

तिसऱ्या फेरीला पिवळी पाठ पुन्हा दिसली, आणि या वेळी त्या पाठीवर लिहिलेलं तिनं वाचलं. फेरी सेवा.

ती जागच्या जागी थबकली. तोही लवकर आला होता. तोही चक्कर मारत होता, त्याच दिशेनं, त्याच चालीनं... असे दोघं संध्याकाळपर्यंत फिरले असते तरी गाठ पडली नसती. कुणीतरी थांबायला हवं होतं.

सिग्ने कोपऱ्यावर भिंतीला टेकून उभी राहिली. निघून जावंसं वाटत होतं, पण ती गेली नाही. मिनिट गेलं, दुसरं गेलं, तिसरं. मागच्या बाजूनं खडीवर पावलं वाजली.

लाल झालेल्या नाकाचा, मफलर गुंडाळलेला, बर्फासारख्या निळसर डोळ्यांचा उंच माणूस तिला पाहून दचकला आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघू लागला.

“सॉरी,” तो गोंधळून म्हणाला. तोच आवाज होता, जरासा झोपाळलेला. “दोन वाजायला अजून नऊ मिनिटं आहेत. मी फारच लवकर...”

“घाई नाही,” सिग्ने म्हणाली, आणि हातमोजा काढून तिनं आपला हात पुढं केला.

त्यानं तो धरला. सोडला मात्र दोन वाजून गेल्यावरही नाही.