फार दिवसांनी आलात

गिऱ्हाईक दारात आलं की वाढणाऱ्यानं काय बोलावं, यावरून त्या हॉटेलात दोन पंथ होते. एक मास्तरांचा, दुसरा साखरबाईचा. मास्तर म्हणजे तिथले सगळ्यात जुने वेटर. तीस वर्षं त्याच बारा टेबलांमधून फिरत होते. त्यांचं म्हणणं, "या, बसा" एवढं पुरे. पाणी ठेवावं, बाजूला व्हावं. साखरबाईला येऊन जेमतेम वर्ष झालं होतं, पण जिभेवर साखर अशी, की तिचं खरं नाव मालकसुद्धा विसरले. ती येईल त्याला म्हणायची, "अगंबाई, फार दिवसांनी आलात!" जन्मात पहिल्यांदा पाऊल टाकणाऱ्यालाही हेच. माणूस जरा गोंधळायचा आणि मग खुलायचा. आपली कुणीतरी आठवण ठेवलीय, हे कुणाला आवडत नाही हो?

"जिभेला हाड नाही म्हणून काहीही बोलायचं?" मास्तर करवादायचे. "ओळख नसताना ओळख दाखवू नये, पोरी."

"तुमचं आपलं काहीतरीच, मास्तर. गोड बोलायला काय जातं?"

मास्तरांचीही एक खोड होती बरं का, आणि तिच्यावरून स्वयंपाकघरात भरपूर हसं व्हायचं. दुपारचे साडेतीन झालेले असायचे, जेवणारे उठून गेलेले, हॉटेल ओस. अशा वेळी मास्तर काचेच्या दाराशी जायचे, दार न उघडताच मान लववायचे आणि म्हणायचे, "माफ करा, आज जागा नाही." बाराच्या बारा टेबलं रिकामी, आणि म्हणे जागा नाही! आचारी डोळा मिचकावायचा. साखरबाईनं एकदा छेडलंच, तेव्हा मास्तर एवढंच म्हणाले, "एक गिऱ्हाईक आहे. त्याला दारातूनच परतवायचं."

त्या दिवशी मास्तर दाढ काढायला गेले होते. वारा पडला होता, बाहेर रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आचारी मागे आडवा झाला होता. साखरबाई एकटीच चमचे पुसत होती आणि मन घरी होतं. लेक शाळेतून आली असेल, खाल्लं असेल का काही? दहा वर्षांची पोर, सहा वाजेपर्यंत घरात एकटी असायची. ती पोटात असतानाच बाप निघून गेला होता. साखरबाईला आईवडील उरले नव्हते, भाऊबहीण तर नव्हतंच कधी. तिनं एकटीनं, दात-ओठ खाऊन पोर वाढवली होती. त्या पोरीत तिचा सगळा जीव होता.

तिनं मान वर केली, तर काचेपलीकडे एक माणूस उभा होता.

इतक्या उकाड्यात गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट. वय सांगता येईना. चेहरा तर असा, की ती चमचा ठेवायला खाली वाकली आणि तेवढ्यात विसरली, पुन्हा बघावा लागला. तो दार ढकलत नव्हता. नुसता उभा होता.

तिला मास्तरांचं बोलणं आठवायला हवं होतं. आठवलंही असेल. पण दारात आलेल्याला उभं ठेवायचं म्हणजे तिच्या जिवावर यायचं. तिनं दार उघडलं.

"अगंबाई, उभे का असे? या ना! फार दिवसांनी आलात!"

तो हलला नाही. "तुम्ही... ओळखता मला?"

"न ओळखायला काय झालं?"

मग तो आत आला. त्याच्याबरोबर वास आला, वर्षानुवर्षं बंद पेटीत पडलेल्या कपड्यांचा. दारावरची घंटा वाजली नाही, हे तिला जाणवलं, पण तोवर तो कोपऱ्यातल्या टेबलाशी बसलाही होता.

"मला कुणी आत घेत नाही," तो हळू आवाजात म्हणाला. "कुणाला आठवतच नाही मी. तुम्हाला... नक्की आठवतो?"

आता इथे तरी गप्प बसावं की नाही माणसानं? पण साखरबाईचं उलटं होतं. भीती वाटली की तिची जीभ जास्तच सैल सुटायची, आणि आता तिला फार भीती वाटत होती.

"म्हणजे काय! तुम्ही तर घरचेच."

"घरी कोण असतं?"

"मी नि माझी लेक."

"तिला आठवतो मी?"

नाही म्हण, नाही म्हण, असं आतून कुणीतरी ओरडत होतं. आणि तोंड म्हणालं, "आठवणार नाही तर काय!"

तो पहिल्यांदाच हसला. "मग... भेटून येतो तिला."

ती पाणी आणायला म्हणून आत पळाली. बाहेर आली तेव्हा खुर्ची रिकामी होती. दार बंद होतं, वास मात्र तसाच कोंडलेला होता.

थोड्या वेळानं मास्तर आले, गाल सुजलेला, तोंडात कापूस. उंबऱ्यातच थबकले, नाकानं हवा ओढली आणि त्यांचा चेहरा पांढराफटक पडला.

"काय बोललीस त्याला? शब्दन् शब्द सांग."

तिनं सांगितलं. 'घरचेच' म्हटल्यावर मास्तरांनी कोपऱ्यातल्या रिकाम्या खुर्चीकडे बघितलं. लेकीचं ऐकलं आणि कापूस थुंकून ओरडले, "घरी फोन कर! आधी फोन कर!"

दहा वेळा घंटी वाजली. मग लेकीनं उचलला.

"बाळा, दार उघडू नकोस कुणाला! ऐकतेयस ना?"

"नाही उघडलं, आई."

साखरबाईचा जीव भांड्यात पडला.

"मी आले ना," लेक पुढे म्हणाली, "तेव्हा मामा आतच बसला होता."

ती रस्त्यातून कशी धावली, तिचं तिला ठाऊक. चप्पल कुठे पडली, कळलं नाही. दार उघडून आत शिरली तर लेक जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. अंगाला ओरखडा नाही, काही नाही. तिनं पोरीला छातीशी घट्ट धरलं आणि रडूच फुटलं तिला. आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं.

"बाळा, तुला मामा नाही," ती कुजबुजली. "मला भाऊच नाही."

लेक चमकून तिच्याकडे बघायला लागली. "असं काय करतेस, आई? सायकल कुणी शिकवली मला?"

"मी शिकवली! मी एकटीनं!"

"एका बाजूनं तू पळत होतीस. दुसऱ्या बाजूनं मामा."

"नाही गं... नाही..."

तिनं डोळे मिटून ती सकाळ आठवली. तिच्या हक्काची सकाळ होती ती. मोकळं मैदान, लेकीच्या हलणाऱ्या दोन वेण्या, सीटला मागून धरलेला आपला हात, लागलेली धाप. सगळं होतं तसंच होतं. फक्त आपल्या हाताशेजारी तिला आणखी एक हात दिसला, मनगटापर्यंत कोटाच्या बाहीत झाकलेला. तिनं तो पुसून टाकायला बघितलं. जितकं बघावं तितकी त्याची बोटं स्पष्ट होत गेली.

मास्तर म्हणायचे ते शब्द तिला पाठ होते. ती उठली, लोटलेल्या दारापाशी गेली आणि सगळा धीर एकवटून तिनं तोंड उघडलं.

"माफ करा, आज..."

आत कुणीतरी हलकेच खाकरलं. पुढचे शब्द काही केल्या ओठांवर येईनात.

"दादा," ती म्हणाली, "दमला असशील रे. चहा टाकू?"