चार बोटं पेट्रोल

वादळ संध्याकाळी किनाऱ्याला लागणार, असं सकाळी रेडिओवर सांगितलं आणि तासाभरात पंपावर ही रांग लागली. माणसं कॅन, डबे, पाण्याच्या बाटल्यासुद्धा घेऊन आली. दुपारपर्यंत मालकाने तीनदा भाव वाढवला.

"वादळ अजून समुद्रातच आहे, भाव मात्र छपरावर जाऊन बसला," रांगेतला एक टेम्पोवाला म्हणाला.

पंपावरच्या माणसाला सगळे मौनी म्हणत, कामापुरतंच बोलायचा. आज त्याचा जीव घरी अडकला होता. आई ऑक्सिजनच्या मशीनवर, आणि जनरेटर कोरडा. म्हणून टाकीत तळाला चार बोटं पेट्रोल उरल्यावर त्याने 'संपले'ची पाटी लावली. तेवढं हातपंपाने उपसलं की आईची रात्र निभली असती. रांग शिव्या देत पांगली. मालक घराच्या खिडक्यांना फळ्या ठोकायला गेला. मौनीने भिंतीशी ठेवलेल्या आपल्या पिवळ्या कॅनकडे हात नेला.

"पाच लिटर द्या, दादा…"

मागे एक माणूस उभा होता. डोक्यावर पोतं, चेहरा दिसत नव्हता. नखशिखांत भिजलेला. पाऊस तर अजून पडलाच नव्हता. हातातल्या पिवळ्या कॅनच्या तोंडात हिरव्या कापडाचा बोळा होता.

"आईची मशीन बंद पडेल…"

"संपलं."

"काठी टाकून दाखवा."

पंपाची रीतच तशी. गिऱ्हाइकाला शंका आली, तर टाकीत मापाची पितळी काठी सोडून दाखवायची. तळाला लागली की 'टण्ण' वाजते. मौनीने काठी सोडली आणि तळाच्या वीतभर वरच अंगठ्याने दाबून धरली. वर आली ती कोरडी. माणूस मान तिरकी करून ऐकत राहिला. मग निघून गेला.

मौनीने घाईने काठी पुन्हा सोडली. टण्ण. काठी कोरडी. पुन्हा सोडली. कोरडीच.

तेवढ्यात शेजारच्या मावशीचा फोन आला. "वीज गेली रे. मशीनची बॅटरी अर्धा तास पुरेल…"

रिकामा कॅन घेऊन तो दुसरा पंप शोधत सायकल दामटत निघाला. पाऊस कोसळला. वाऱ्याने कॅनचं झाकण उडवलं. कॅनमध्ये पाणी जाऊ नये म्हणून त्याने कामाच्या शर्टाची हिरवी बाही फाडून तोंडात कोंबली. रस्त्यात पडलेलं पोतं डोक्यावर घेतलं. वळणावर एका पंपाचा दिवा दिसला. तिथे पाऊस नव्हता. जमीनही कोरडी होती.

"पाच लिटर द्या, दादा… आईची मशीन बंद पडेल…"

"संपलं," पाठमोरा माणूस म्हणाला.

"काठी टाकून दाखवा," मौनीच्या तोंडून निघून गेलं.

काठी आत गेली. त्याने मान तिरकी केली, कान दिला. टण्ण वाजलं नाही.

त्या माणसाच्या हिरव्या शर्टाच्या दोन्ही बाह्या धड होत्या. भिंतीशी एक पिवळा कॅन उभा होता, झाकण घट्ट लावलेला.